तिकिटं काढून ठेवली आहेत

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

यंदा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, येणं जमत नाही. फोनवर आई नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" कसलं, ते मला कळतं. म्हणून न विचारताच तुमची मुंबईला यायची वंदे भारतची तिकिटं काढली, यात्रा आटोपल्यानंतरच्या शुक्रवारची. गुरुवारी ती सोलापुरातून सुटत नाही. नंदीध्वज, अक्षता, शोभेचं दारूकाम, सगळं बघून मगच निघा.

पैशांचं काढू नका. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुद्दाम टाळली. बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं, त्यात वरचा बर्थ आला की पंचाईत. ही सकाळी सहाच्या सुमारास सुटते, साडेबाराच्या आसपास सीएसएमटी. दारं आपोआप बंद होतात, तेव्हा बाबा, पुण्याला चहासाठी खाली उतरायचं नाही.

"मुंबईत काय बघायचं राहिलंय?" हे बाबांचं मला पाठ आहे. तुम्ही बघितलाय तो म्हातारीचा बूट. तिथेच मलबार हिलच्या झाडीतून आता उंचावरून जाणारी लाकडी वाट झाली आहे, २०२५च्या गुढीपाडव्याला उघडली. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. दोघं हात धरून चाललात तरी समोरून येणाऱ्याला जागा उरते. माणशी २५ रुपये, तासाचा स्लॉट ऑनलाइन घ्यावा लागतो. सकाळचा घेते, ऊन नको. जाऊन-येऊन किलोमीटरभर होतं, पण गुडघा बोलला तर अर्ध्यातूनच परत फिरायचं. शेवटी चौपाटीकडे बघायचा सज्जा आहे, त्याला खाली काच. आई, तिथे पायाकडे बघू नकोस. डोळ्यांना जमीन लांब दिसते, पायांना जवळ लागते, आणि त्या गोंधळात चक्कर येते. कठडा धरून समोर समुद्राकडे बघ. आणि बायफोकल घालून चालायचं नाही. खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, पाय चुकतो. लांबचा चष्मा पर्समध्ये आठवणीने टाक.

परतताना टॅक्सी पेडर रोडने घेऊ, मग कांचनजंगा टॉवर दिसेल. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांचा, १९८३चा, २८ मजली. आत जाता येत नाही, लोकांची घरं आहेत. पण बाबा, त्याचे कोपरे बघा, दोन-दोन मजले उंच गच्च्या कोरून काढल्यासारख्या. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना म्हणून भोवती व्हरांडा असायचा. कोरियांनी तोच उचलून प्रत्येक घराच्या कोपऱ्यात नेला. आपल्या वाड्याच्या ओसरीचंच काम, फक्त आभाळात. मला विचाराल तर अख्ख्या मुंबईतल्या उंच इमारतींत हीच एक नीट विचार करून बांधलेली.

कोस्टल रोडच्या कडेच्या फिरायच्या वाटेवर संध्याकाळी पाचनंतरच. झाडं अजून लहान आहेत, सावली नाही. रस्ता ओलांडायचा नाही, खालच्या भुयारी वाटेने जायचं. कडेला मोठमोठे दगड थरांनी रचलेत. लाट त्यांच्या फटींत शिरून मोडते म्हणून भिंतीवर जोर कमी येतो. शेवाळलेले असतात. बाबांनी फोटोसाठी त्यावर उतरू नये.

दुसऱ्या दिवशी भुयारी मेट्रोने सिद्धिविनायक. तिथे त्याच नावाचं स्टेशनच आहे, आईला दादरची गर्दी नको. तिकीट वरच काढायचं, खाली रेंज मिळेलच असं नाही. सरकत्या जिन्यात साडीचा काठ अडकतो, तेव्हा लिफ्टच, कितीही वेळ लागू दे.

गरम पाण्याची पिशवी, कमोड, बिनसाखरेचा चहा, सगळं घरी आहे. उशी आईला लागते तशी, पातळ. बाबांनी चपला नाही, बूट घालायचे. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

गड्ड्यात मी हरवू नये म्हणून आई माझ्या फ्रॉकच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घालायची. सोबत तशाच दोन चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. हसू नका. एक बाबांच्या शर्टात, एक आईच्या पर्समध्ये.

शेंगा चटणी अर्धा किलोच. कडक भाकरी हवी तेवढी आणा.

तुमची,
ताई