मचाणावर वाचलेली थरारकथा

महोदय,

रात्रीची लाइन असली की ओलिताला शेतात जावंच लागतं. मोटर सुरू करायची, मचाणावर चढायचं, एका हातात बॅटरी अन् दुसऱ्यात पुस्तक. परवा अशीच एक विज्ञान-थरारकादंबरी संपवली. पृथ्वी वाचवायची तर माणसंच कमी करायची, असं ठरवलेली एक टोळी आणि तिच्या तावडीतून जंगलात निसटलेले चौघं. ऐन रंगात आलेलं असताना तुरीत सळसळ झाली आणि पुस्तकच हातातून सुटलं. रोही, म्हणजे नीलगाय, निघाला!

खटकलं ते वेगळंच. जंगलाच्या काठावर राहणारं माणूस या कादंबरीत कुठेच नाही. 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री आमच्याच राळेगाव तालुक्यात, बोराटीच्या जंगलात मारली गेली. तिच्यावर १३ जणांच्या मृत्यूचा ठपका होता. शहरांत निदर्शनं झाली. तिचे दोन बछडे मागे राहिले, वाईट आम्हालाही वाटलं. पण त्या काळात इथल्या बाया कापूस वेचायला घोळक्यानेच जायच्या आणि दिवस कलायच्या आत घरी परतायच्या, हे किती जणांना माहीत आहे? जगण्या-मरण्याचा खरा थरार तिथे होता. मराठी विज्ञानलेखकांनी एखादं पात्र तिथून उचलावं.

आणि हो, कादंबरीतले चौघं भर पावसाळ्यात मोहाची फुलं वेचून पोट भरतात. मोह चैत्राच्या सुमारास फुलतो. लेखकाने पुढच्या आवृत्तीत तेवढं सुधारावं.

– एक शेतकरी वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ