‘बरा’ गावच्या किल्लीवाल्या आजोबांना

आजोबा,

पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत, इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, तूही मार. तीन वर्षं झाली, मला जमलेलं नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नुसतं नावाने पुकारायचं म्हणजे माझी जीभच अडते. बार्शीच्या आजीने पाठीत धपाटा घातला असता. म्हणून तुम्ही आजोबा. ते म्हणजे काय हे तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, आणि तुम्ही दोन मिनिटं काहीच बोलला नाहीत. तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि गावातल्या हजारभर माणसांना न लिहिताही कळेल. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मनापासून आभार मानायचे तर मला ते मराठीतच येतात. शनिवारी तुमच्या टेबलाशी बसून इंग्रजीत वाचून दाखवीन. माझ्या लोकांनी आधी वाचलं म्हणून रागावू नका.

माझ्या लोकांना आधी नावाचा घोळ सांगते. साउथ ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर हे गाव आहे. नकाशावर बघून आपण ‘बुर्रा’ म्हणू, पण इथली माणसं स्वच्छ ‘बरा’ म्हणतात, आपल्या ‘बरा आहेस ना’ मधला बरा. इथल्या वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लागली आणि मी पोचले, तेव्हा बाबांनी फोनवर विचारलं, “गावाचं नाव काय?” मी म्हटलं, “बरा.” ते म्हणाले, “गाव बरं आहे ते कळलं, नाव काय?”

तेव्हा ते बरंही नव्हतं. जूनची थंडी होती. साडेपाचला दुकानांची दारं बंद, सहाला रस्त्यावर काळं कुत्रं नाही. बार्शीत त्या वेळी चौकात भेळेच्या गाड्या लागतात. ड्यूटीवरून यायचं, हीटर लावायचा, घरी फोन करायचा, आणि “हो, जेवले” असं खोटं सांगायचं. चार महिने असे गेले. एका शनिवारी पाऊस होता म्हणून मार्केट स्क्वेअरमधल्या पर्यटन केंद्राच्या आडोशाला थांबले. आत तुम्ही होतात. तुम्ही विचारलंत, किल्ली हवी का?

हे मराठी वाचकांना खरं वाटणार नाही. या गावात जुन्या वास्तू बघायच्या तर तिकिटाबरोबर एक किल्ली देतात. अकरा किलोमीटरच्या फेरीत बंद फाटकं लागतात, तुरुंग, दारूगोळ्याचं कोठार, जुन्या दारूभट्टीची तळघरं. आपण कुलूप उघडायचं, आत जायचं, बघून झालं की कुलूप लावून पुढे निघायचं. ना पहारेकरी, ना ‘हात लावू नये’. कुणीही यावं आणि गावाचा तुरुंग स्वतःच्या हाताने उघडावा! मी किल्ली घेऊन तशीच उभी राहिले. तुम्ही छत्री उचललीत आणि म्हणालात, चल, पहिलं कुलूप जरा हट्टी आहे.

त्या दिवसापासून सलग चार शनिवार तुम्ही मला गाव दाखवलंत. त्यासाठी हे पत्र.

तुम्ही सुरुवात मेंढ्यांपासून केलीत. १८४५ साली दोन मेंढपाळांना, विल्यम स्ट्रेअर आणि थॉमस पिकेट यांना, इथल्या माळावर हिरवट दगड दिसले. ते तांब्याचं खनिज होतं. सरकारने अट घातली, वीस हजार एकर एकदम घ्या आणि वीस हजार पौंड रोख मोजा. ॲडलेडमध्ये दोन टोळ्या इच्छुक होत्या. एक बड्या जमीनदारांची, तिला लोक ‘नॉब्ज’ म्हणत. दुसरी दुकानदार-व्यापाऱ्यांची, ते ‘स्नॉब्ज’. एकट्याने रक्कम उभी करायची ऐपत कुणाचीच नव्हती, आणि एकमेकांचं तोंडही बघायचं नव्हतं. शेवटी पैसे एकत्र केले, जमीन घेतली, मधोमध रेघ मारली आणि चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरेचा भाग दुकानदारांना मिळाला. त्याच भागात जगातल्या मोठ्या खाणींपैकी एक निघाली. जमीनदारांच्या वाट्याला आलेल्या दक्षिणेत फारसं काही निघालंच नाही. हे सांगताना तुम्ही दर वेळी जे हसता, त्यावरून तुमचे पूर्वज कुठल्या बाजूचे असतील ते मी ताडलं आहे.

पुढची पंधरा वर्षं जगातलं सुमारे पाच टक्के तांबं या ओढ्याकाठून जात होतं. दिवाळखोरीला टेकलेली साउथ ऑस्ट्रेलियाची वसाहत त्यावर सावरली. १८५१ पर्यंत इथे पाच हजारांच्या आसपास वस्ती झाली. तीही एका गावाची नाही. दुकानदारांच्या खाण कंपनीने आखलेलं कूरिंगा, कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचं रेडरूथ, स्कॉटिश नावाचं ॲबरडीन, इंग्रजी नावाचं हॅम्पटन, आणि वेल्श लोकांचं एक गाव, ज्याचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. (तुम्हालाही येत नाही, हे मी ऐकलं आहे.) या सगळ्यांचं मिळून अधिकृतपणे ‘बरा’ व्हायला १९४० साल उजाडलं.

आणि हे ‘बरा’ आलं कुठून? तुम्ही जरा खोडकरपणे सांगितलंत, त्याच्या बऱ्याच कथा आहेत, पण सगळ्यात जास्त सांगितली जाते ती तुमच्या देशाची. खाण निघण्याआधी इथे मेंढ्या राखायला हिंदुस्तानातली माणसं होती आणि ती या ओढ्याला ‘बडा बडा’ म्हणत. इंग्रज ‘बडा साहेब’ याच स्पेलिंगने लिहायचे, म्हणून बडाचं बरा. खरं-खोटं तो ओढाच जाणे. उन्हाळ्यात त्यात गुडघाभर पाणी नसतं, त्याला बडा कोण म्हणेल? पण चार महिने ज्या गावात मी परकी म्हणून वावरले, त्याच्या नावात माझ्या ओळखीचा शब्द असू शकतो, हे ऐकून त्या रात्री मी फोनवर “हो, जेवले” म्हटलं ते खरं होतं.

तुम्ही तिथेच थांबला असतात तर मी तुम्हाला चांगला गाइड म्हटलं असतं, एवढंच. पण दुसऱ्या शनिवारी तुम्ही मला ओढ्याच्या काठावर नेलंत. तिथे मातीच्या दरडीत कोरलेली दोन बिळं उरली आहेत. बिळं नव्हेत, घरं. कूरिंगात जमीन कंपनीची आणि घरं अपुरी, म्हणून कामगारांनी दरडी खोदून खोल्या केल्या. वर जमिनीतून धुराडं. १८५१ साली सुमारे १८०० माणसं अशी राहत होती, गावातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्याच वर्षी पूर आले आणि घरं वाहून गेली. विषमज्वर, देवी, आणि त्यात मुलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, उतरवलाही नाहीत. आत वाकून गेलात, भिंतीवर हात ठेवलात आणि म्हणालात, तांब्याचे आकडे सगळे सांगतात, मला आधी हे दाखवायला आवडतं.

तिसऱ्या शनिवारी तुम्ही आणखी मागे गेलात. हे १८४५ पासून सुरू झालं असं मी सांगितलं खरं, पण ते चूक आहे, असं स्वतःलाच खोडलंत. ही जमीन न्गाजुरी लोकांची. गोऱ्यांच्या मेंढ्या आल्या, रोग आले, आणि काही वर्षांतच ते इथून जवळजवळ नाहीसे झाले. जे उरलं त्यातलं बरंच बार्नी वारिया या म्हाताऱ्या न्गाजुरी माणसाने चाळीसच्या दशकात एका अभ्यासकाला सांगून ठेवलं म्हणून उरलं. आपल्या गावाची फुशारकी मारणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, मी स्वतः बार्शीची आहे. गावाची लाज इतक्या सरळपणे सांगणारे तुम्ही पहिलेच.

मग बाबा आले. तीन महिन्यांसाठी. त्यांना इंग्रजी येतं ते मशिनरीपुरतं. एका साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली. तो बंद पडला त्याला आता बारा वर्षं झाली. मला वाटलं, तांब्याची खाण बघून ते कंटाळतील. उलटं झालं. तुम्ही मॉर्फेटच्या इंजिनघरापाशी हातवारे करत सांगू लागलात, खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन कसं चाले, आणि बाबांनी माझ्या दुभाषेपणाला हाताने गप्प केलं. पुढचा अर्धा तास तुम्ही दोघं काटकीने मातीत दट्ट्या, दांडा आणि झडपा काढत बसलात. मी थर्मासमधला चहा एकटीने संपवला.

१८४८ च्या संपाचं मात्र मला भाषांतर करावं लागलं. काही कामगारांना काढलेल्या खनिजाच्या प्रतीवर पैसे मिळत, आणि प्रत ठरवायची कंपनीनेच. कंपनी ती कमी लावते असा संशय आला, काम थांबलं. बाबा एकदम म्हणाले, “म्हणजे काटा मारत होते!” उसाच्या वजनात काटा मारणं म्हणजे काय हे तुम्हाला समजावताना मला घाम फुटला. तुम्हाला दोन शब्दांत समजलं, आणि ‘काटा’ हा शब्द तुम्ही वहीत लिहून घेतलात.

पॅक्स्टन स्क्वेअरच्या दगडी घरांपुढे बाबा बराच वेळ उभे होते. ३३ घरांची ती रांग कंपनीने १८४९ ते ५२ मध्ये बांधली. “कॉलनीचे क्वार्टर,” ते म्हणाले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते भारतात कुणालाच विचारत नाहीत: कारखाना बंद पडल्यावर गाव राहिलं कसं?

तुम्ही उत्तर गोड करून दिलं नाहीत. सांगितलंत की बरेच राहिले नाहीतच. १८५१ ला शेजारच्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि खाणकामगार तिकडे पळाले. खनिज ओढायला माणसं-बैल मिळेनात, तेव्हा थेट दक्षिण अमेरिकेतून खेचरं आणि त्यांचे हाकारे आणावे लागले. १८७७ ला खाण बंद झाली ती जवळजवळ शंभर वर्षं बंदच राहिली. पण १८७० ला रेल्वे आली होती, भोवताली मेंढ्या होत्या, लोकरीचा बाजार होता. गाव लहान झालं आणि लहान होऊन जगलं. उत्तरेला मात्र गव्हाच्या नादाने लोक पुढे सरकले. सरकारी सर्व्हेयर जॉर्ज गॉयडरने १८६५ साली नकाशावर रेघ आखून दिली होती, हिच्या पलीकडे पावसाचा भरवसा धरू नका. चार वर्षं बरी गेली की रेघ कोण मानतो? तिकडची छपरं उडालेली दगडी घरं तुम्ही बाबांना गाडीतून दाखवलीत. परतताना बाबा पूर्ण रस्ताभर गप्प. घरी आल्यावर म्हणाले, “हा माणूस खोटं सांगत नाही.” माझ्या वडिलांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा ते कारखान्याच्या शेवटच्या गळीत हंगामाबद्दल बोलले. दीडपर्यंत. आजोबा, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मुख्य आभार याचे.

एक गंमत राहिली. माझी मावसबहीण पुण्यात आर्किटेक्ट आहे. तिला गावाचं नाव सांगितलं तर ती किंचाळली, “बरा? बरा चार्टरवालं बरा?” जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची जी नियमावली जगभर अभ्यासली जाते, ती १९७९ साली याच गावात मंजूर झाली. लागेल तेवढं करा, पण होता होईल तेवढं कमी बदला. ती कॉलेजात हे घोकत होती, आणि मी त्याच गावात दूध आणायला जात होते. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, हो, झाली होती तशी बैठक. एवढंच! एवढ्या भांडवलावर आमच्याकडे चौकात कमान उभी राहिली असती.

बाबांनी जाताना तुम्हाला तांब्या दिला. ज्या धातूने तुमचं गाव वसवलं, त्याच्याच नावाने आम्ही पाण्याच्या भांड्याला हाक मारतो, हे ऐकून तुम्ही तो दोन्ही हातांत धरलात. आता तुम्ही त्यात पेन्सिली ठेवल्या आहेत. फोटो पाहून आई हळहळली, पण बाबा खूश आहेत. म्हणाले, टेबलावर आहे ना, मग झालं.

गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, डोळे साथ देत नाहीत, आता शनिवार सोडतो, आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी तेव्हा ड्यूटीचं काहीतरी पुटपुटले. वेळ घ्यायचा होता. आता ड्यूटी बदलून घेतली आहे. येत्या शनिवारी दहाला येते, थालीपीठ आणते, तिखट कमी घालीन. पत्र आधी वाचू, की आधी ते हट्टी कुलूप कसं उघडायचं ते दाखवाल? माझ्या हाताने ते अजून एकदाही पहिल्या झटक्यात उघडलेलं नाही.

तुमची,
बार्शीची नर्स