'ऐच्छिक' कोणासाठी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील, माणसाच्या शरीरात बसवायच्या मायक्रोचिपवरचा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनानंतर राग कमी होण्याऐवजी वाढला, म्हणून एक दिवस जाऊ दिला आणि आज हे पत्र लिहीत आहे. किल्ली हरवणार नाही, कार्ड विसरणार नाही, हात यंत्रासमोर धरला की दार उघडेल, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. हे सारे 'पूर्णपणे ऐच्छिक' आहे आणि रेशनच्या यंत्रावर ज्यांचे अंगठे उठत नाहीत त्या खेड्यांतील वृद्धांना तर चिप वरदानच ठरेल, या विधानाला मात्र माझा आक्षेप आहे. नेमके हेच वाक्य गेल्या पावसाळ्यात मी रेशनच्या रांगेत उभा राहून माझ्या कानांनी ऐकले आहे.

माझी मावशी सत्तरी ओलांडलेली आहे. तिने उमेदीची पंचवीसेक वर्षे ऊसतोडीत काढली. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याकडे जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, असे तिचे आयुष्य गेले. कोयत्याच्या मुठीने आणि पाचटाने तिच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या आहेत. त्या दिवशी तिने हात साबणाने धुतले, लिंबू चोळले, खोबरेल लावून पुसले आणि दहाही बोटे एकामागून एक यंत्रावर ठेवून पाहिली, पण यंत्राने एकही बोट स्वीकारले नाही. दुकानदार माणूस वाईट नाही. त्याने ओटीपीचा पर्याय सुचवला, परंतु कार्डाशी जोडलेला क्रमांक चाकणला कामाला असलेल्या नातवाचा होता आणि तो त्या वेळी पाळीवर होता. हा तिचा त्या महिन्यातला तिसरा हेलपाटा होता. "सगळं गाव वळखतंय मला, ह्या डबड्यालाच वळख पटंना का?" असे ती म्हणाली, तेव्हा रांगेतला एक शिकलेला तरुण पुढे होऊन म्हणाला, "आजी, आता हातात चिप बसवतात. एकदा बसवली की अंगठ्याची कटकटच नाही."

मावशीने त्याच्याकडे पाहून विचारले, "आमच्या गाईच्या कानात बिल्ला मारलाय, तसंच का रं?"

रांग हसली. मला हसू आले नाही, कारण तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि मावशीच्या आधार कार्डावरही बाराच आकडे आहेत. बिल्ला नसेल तर आज बाजारात जनावर विकता येत नाही. जनावराला कोणी संमती विचारत नाही. माणसाला विचारतात, पण ती कोणत्या परिस्थितीत विचारतात, यावरच सारे अवलंबून आहे. वाटेत मावशीने आणखी एक गोष्ट विचारली, "बसवायला सगळे येतील, पण काढायला कोण येणार?"

आपल्या लेखात ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केविन वॉरिक यांचा गौरवाने उल्लेख आहे. त्यांनी २४ ऑगस्ट १९९८ रोजी दंडात चिप बसवून घेतली, त्यांना पाहून दारे उघडली, दिवे लागले, हे खरे आहे. पण ती चिप त्यांनी नऊ दिवसांनी काढून टाकली, हे लेखात नाही. प्रयोग त्यांचा, हात त्यांचा, काढायला डॉक्टर तयार. ज्याला ती केव्हाही काढून घेता येते, त्याच्याच बाबतीत 'ऐच्छिक' हा शब्द शोभतो. अमेरिकेत २००४ मध्ये सरकारी परवानगी मिळालेली, सोळा आकडी क्रमांकाची 'व्हेरिचिप' ही शरीरात बसवायची चिप २०१० मध्ये बाजारातून मागे घेतली गेली, हेही वाचकांना कळायला हवे होते.

मी विज्ञानाच्या विरोधात नाही. शाळेत तीस वर्षे विज्ञानच शिकवले आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये बॅटरी नसते, ती उपग्रहाशी बोलत नाही आणि काही सेंटिमीटरवर धरलेल्या यंत्रानेच वाचली जाते, हे मला माहीत आहे; मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा मी स्वतः खोडून काढतो. माझी भीती दाण्याची नाही, त्या यंत्रामागे लिहिल्या जाणाऱ्या वहीची आहे. कोण कोणत्या दारातून किती वाजता गेला, कोणाच्या हजेरीत किती मिनिटांची तूट आहे, याची नोंद कोणाच्या हाती राहणार? कार्ड घरी ठेवून माणूस बाहेर पडू शकतो, हात घरी ठेवता येत नाही.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एका कंपनीच्या ऐंशीच्या आसपास कर्मचाऱ्यांपैकी सुमारे पन्नास जणांनी २०१७ मध्ये आनंदाने चिप बसवून घेतली, असे लेखात म्हटले आहे. मात्र सक्तीने चिप बसवण्यास बंदी घालणारा कायदा त्याच विस्कॉन्सिनने २००६ मध्ये करून ठेवला होता, हे त्यात आलेले नाही. कॅलिफोर्नियाचा २००७ चा कायदा तर मला सर्वांत शहाणा वाटतो. नोकरी, बढती किंवा कोणताही सरकारी वा खासगी लाभ चिपच्या संमतीवर अवलंबून ठेवणे हीसुद्धा सक्तीच, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडे नेमक्या या वाक्याची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, याचा मला अभिमान आहे. परंतु आधार नाही म्हणून कोणाचे नुकसान होऊ नये, असा अंतरिम आदेश याच न्यायालयाने २०१३ मध्ये दिला होता आणि त्यानंतरच्या वर्षांत आधारशिवाय रेशनचे पान हलेनासे झाले, हेही आम्ही पाहिले. आधारची सुरुवातसुद्धा ऐच्छिक म्हणूनच झाली होती.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांना कोणी हातपाय बांधून शस्त्रक्रियेला नेले नव्हते. अंगावर मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे), एक खाडा पडला तर दंड, फडात ना आडोसा ना पाणी, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही आणि कॅन्सरची भीती घालणारे काही डॉक्टर, एवढे सगळे जमून आल्यावर बाईच्या तोंडून जो होकार निघतो, त्याला कागदावर संमती म्हणतात. माझ्या मावशीच्या टोळीतल्या दोन बायका त्यांत होत्या. उद्या एखाद्या मुकादमाने हजेरीसाठी 'चिप असेल त्यालाच उचल' असे म्हटले, तर दिवाळीच्या तोंडावर नाही म्हणण्याची ताकद ऊस तोडणाऱ्या कोणत्या नवरा-बायकोच्या जोडीत आहे? लेखकांनी हा प्रश्न एकदा ऊसतोडीच्या अड्ड्यावर उभे राहून विचारावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणखी एक तक्रार आहे. लेखाखाली लेखकाचे नाव आहे, पण ते काय करतात, चिप बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कोणाशी त्यांचा संबंध आहे काय, याचा उल्लेख नाही. पूर्वी आपल्या पुरवणीत प्रत्येक लेखाखाली लेखकाचा परिचय असे. तो बंद का केला, हे कळावे. तसेच ज्यांचे अंगठे उठत नाहीत त्यांच्यासाठी डोळ्यांच्या पडताळणीची यंत्रे आमच्या भागातील किती दुकानांत प्रत्यक्ष चालू आहेत, हे आपल्या तालुका प्रतिनिधींनी फिरून छापावे. ते काम चिपपेक्षा स्वस्त आहे आणि त्यासाठी कोणाच्या कातडीला सुई लावावी लागत नाही.

मावशीचे गेल्या महिन्याचे धान्य अजून मिळालेले नाही. गुरुवारी तिला घेऊन मी आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने द्यायला जात आहे. मागच्या दोन्ही वेळी यंत्राने ते घेतले नव्हते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड