आपल्या त्या इंडेक्सबद्दल

फोंडा, रविवार

प्रिय सुद्या,

चवथीनंतर तुला एक ओळ पाठवली नाही. शिव्या सावकाश घाल, आधी हे वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

काल पणजीत डेव्हलपर कॉन्फरन्स होती. एकाच वेळी तीन हॉलांत सत्रं, म्हणून जुनाच नियम: शीर्षकात "प्रवास" किंवा "भविष्य" असेल ते सोडायचं, एखादी चूक नेमकी सांगणार असतील तिथे बसायचं. जेवणानंतरचं पोस्टग्रेस डेटाबेसचं सत्र तसलं होतं. अर्धा हॉल पेंगत होता.

इंडेक्स म्हणजे टेबलात शोध पटकन लागावा म्हणून केलेली सूची. ती करणारा साधा क्रिएट इंडेक्स टेबलावरचं लिहिणं अडवतो, वाचणं नाही. कॉनकरंटली लावलं की लिहिणंही चालू राहतं, पण टेबल दोनदा चाळलं जातं आणि जुनी ट्रान्झॅक्शन्स (एका गठ्ठ्यात चालणारी कामं) संपेपर्यंत थांबावं लागतं. कुणी ट्रान्झॅक्शन उघडं टाकून चहाला गेला की इंडेक्स बसला तिष्ठत. मध्येच तुटला तर अर्धवट इंडेक्स मागे राहतो, इनव्हॅलिड. क्वेरी त्याला विचारत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार पडतोच. घरजावई!

हे आपल्याला माहीत होतं. पुढची स्लाइड नव्हती माहीत. मायग्रेशन, म्हणजे टेबलं बदलणारी स्क्रिप्ट, पुन्हा चालवलं आणि त्यात "इफ नॉट एक्झिस्ट्स" (आधीच नसेल तरच बनव) असेल, तर पोस्टग्रेस फक्त नाव बघतं. नाव सापडलं की नोटीस देऊन पुढे. मायग्रेशन हिरवं, इंडेक्स अर्धवटच.

"इफ नॉट एक्झिस्ट्स टाक रे, काय होत नाही," हे बेतीच्या फेरीबोटीत कोण म्हणालं होतं? मी नको म्हटलं, कारण सांगता आलं नाही, आणि आठवडाभर "भित्री भागूबाई" ऐकून घेतलं. आठव, पहिला प्रयत्न टाइमआउटने मेला होता. दुसरा एका सेकंदात झाला. एवढ्या टेबलाचा इंडेक्स एका सेकंदात होतो का रे? आपण तेव्हा खूश झालो, गाढवं.

ते टेबल अजून तुझ्याच गळ्यात आहे, म्हणून काळजी. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-खिडकीत) टेबलावर बॅकस्लॅश-डी मार, इंडेक्सच्या ओळीत इनव्हॅलिड दिसतं का बघ. सगळा डेटाबेस तपासायचा तर पीजी_इंडेक्स या सिस्टिम टेबलात इंडिसव्हॅलिड फॉल्स असलेल्या ओळी काढ. सापडला तर आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत लोंबकळणारी ट्रान्झॅक्शन्स बघ, मग ड्रॉप इंडेक्स कॉनकरंटली, मग नव्याने क्रिएट, तेही कॉनकरंटली. पोस्टग्रेस 12 पासून रीइंडेक्स कॉनकरंटलीही चालतं. यातली कॉनकरंटलीवाली कुठलीच कमांड ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही, तेव्हा मायग्रेशनचं आपोआप लागणारं ट्रान्झॅक्शन बंद कर. इंडेक्स युनिक असेल तर आणखी गंमत: इनव्हॅलिड असूनही तो डुप्लिकेट अडवत राहू शकतो.

स्लाइडचे फोटो मागू नकोस, पुढच्या माणसाचं टक्कल आलंय. आवृत्ती आणि कारण हाताने लिहून घेतलं, कारण स्लाइडवर फक्त कमांड असते, "का" तोंडी सांगतात. प्रश्नाच्या वेळी माइक धरून एकाने भाषणच ठोकलं. मी सत्र घेणाऱ्या बाईंना नंतर दारात गाठून एका वाक्यात विचारलं.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार. छोटी पुण्यात रमली ना?

बॅकस्लॅश-डीचं आउटपुट आजच पाठव.

तुझा,
भागूबाई