तुझ्या निबंधाच्या पहिल्या वाक्याविषयी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा मसुदा मिळाला आणि लक्षपूर्वक वाचला. क्रुसेडची, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी लढलेली धर्मयुद्धे आणि आजचा पश्चिम आशिया यांचा संबंध शोधण्याचा तुझा प्रयत्न मला आवडला. मात्र १०९५ साली पेटलेली आग आजतागायत एक क्षणही विझलेली नाही, हे तुझे पहिलेच वाक्य मला पटलेले नाही, आणि सारा निबंध त्याच वाक्यावर उभा असल्यामुळे मी त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते आहे. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्याची ही खोड आहे, ती तू सहन करशीलच.

घटनाक्रम तू नीट दिला आहेस. पोप दुसरा अर्बन याने १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे या युद्धासाठी केलेले आवाहन, जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम पडल्यावर झालेली भीषण कत्तल, ११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईतील विजयानंतर मुसलमान सुलतान सलाहुद्दीनने परत मिळवलेले शहर आणि १२९१ मध्ये अक्का हे क्रुसेडरांचे बंदर पडल्यावर झालेला शेवट, हे सारे त्यात आहे. पण या दोनशे वर्षांत दोन्ही बाजूंचे लोक केवळ लढत नव्हते. ११४० च्या सुमारास दमास्कसच्या मुसलमान सत्ताधीशांनी झंगी या मुसलमान सेनानीविरुद्ध जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याशीच हातमिळवणी केली होती. १२२९ मध्ये ख्रिस्ती सम्राट दुसरा फ्रेडरिक याने इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून जेरुसलेम जवळजवळ न लढता मिळवले, तेव्हा दोघांनाही आपापल्या धर्मबांधवांच्या शिव्या खाव्या लागल्या. त्या काळचे अरब इतिहासकार या परक्यांना ‘फ्रँक’ म्हणत आणि त्यांच्या आक्रमणाला अनेक संकटांपैकी एक संकट मानत. १२५८ मध्ये मोंगोलांनी बगदादचा केलेला विध्वंस हा मुस्लिम जगावरचा त्याहून कितीतरी मोठा आघात होता. सलाहुद्दीनचा पुढे पूर्ण विसर पडला, असे काही जण लिहितात, तेही मला टोकाचे वाटते, कारण जेरुसलेममध्ये त्याच्या नावाच्या धर्मादाय संस्था टिकून होत्या. परंतु त्याच्या नावाने युरोपविरुद्ध राजकारण करण्याची रीत त्या मधल्या शतकांत नव्हती.

ती रीत एकोणिसाव्या शतकात पडली, आणि तुझ्या निबंधात नेमके हेच शतक गाळलेले आहे. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर स्वारी केली. त्या आधीच मिशो या फ्रेंच इतिहासकाराचे क्रुसेडवरचे अनेक खंडांचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते आणि धर्मयोद्धे हे फ्रान्सचे राष्ट्रीय वीर ठरू लागले होते. १८४३ मध्ये राजा लुई-फिलिपने व्हर्सायच्या राजवाड्यात खास क्रुसेडची दालने उघडली, ज्यांत पूर्वज त्या युद्धांत लढलेल्या घराण्यांची मानचिन्हे लावण्यात आली. आपलेही मानचिन्ह तिथे लागावे म्हणून कित्येक घराण्यांनी पैसे मोजून बनावट दस्तऐवज मिळवले; आपल्याकडे वतनाच्या भांडणांत खोटे महजर तयार होत, त्याचीच ही फ्रेंच आवृत्ती म्हणायची. म्हणजे वसाहती जिंकणाऱ्यांनी आपल्या नव्या उद्योगासाठी जुना वारसा शोधून काढला.

युरोपात हा वारसा असा उभा राहिल्यावर मुसलमानांच्या बाजूनेही तो उचलला. युरोपीय सत्ता आपल्याविरुद्ध राजकारणाच्या रूपाने पुन्हा क्रुसेडच चालवत आहेत, असे ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद म्हणू लागला, आणि त्याच मताचा हवाला देऊन अली अल-हरीरी याने १८९९ मध्ये कैरोत या युद्धांचा अरबी इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म दमास्कसला जाऊन सलाहुद्दीनच्या कबरीवर पुष्पचक्र ठेवून आला होता. एका ख्रिस्ती सम्राटाने सुलतानाशी मैत्री वाढवण्यासाठी सलाहुद्दीनचा गौरव करावा, यात भक्ती किती आणि हिशेब किती, हे तूच ठरव. ते धातूचे चक्र पुढे १९१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी लॉरेन्सने उचलून लंडनला नेले आणि आज ते तिथल्या युद्धसंग्रहालयात आहे.

१९१७ चा प्रसंग तर आपल्याशीही जोडलेला आहे. डिसेंबरमध्ये ब्रिटिश जनरल ॲलनबी पायी चालत जेरुसलेममध्ये शिरला, तेव्हा ब्रिटिश ‘पंच’ साप्ताहिकाने सलाहुद्दीनशी लढलेल्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला समाधानाने शहराकडे पाहताना दाखवणारे व्यंगचित्र छापले. त्याआधी महिनाभर खुद्द ब्रिटिश सरकारने वृत्तपत्रांना बजावले होते की या मोहिमेला क्रुसेड किंवा धर्मयुद्ध म्हणू नये. कारण उघड होते: साम्राज्याच्या फौजांत हिंदुस्थानी मुसलमान शिपाई होते, आणि खलिफा असलेल्या ऑटोमन सुलतानाविरुद्धच्या युद्धामुळे हिंदुस्थानातले मुसलमान आधीच अस्वस्थ होते. पुढे खिलाफत चळवळ उभी राहिली, हे तुला सांगायला नको.

यानंतरची माणसे तुझ्या निबंधात आहेतच, पण ती थेट बाराव्या शतकातून अवतरल्यासारखी वाटतात. तिक्रीतमध्ये सलाहुद्दीनचा जन्म झाला म्हणून सद्दाम हुसेन स्वतःला त्याचा वारस म्हणवत असे. सलाहुद्दीन कुर्द होता, आणि १९८८ मध्ये याच सद्दामच्या सैन्याने अन्फाल मोहिमेत कुर्दांचा संहार केला. १९९८ मध्ये बिन लादेन आणि त्याच्या साथीदारांनी ‘ज्यू आणि क्रुसेडर’ यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. १६ सप्टेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला ‘क्रुसेड’ म्हटले आणि बिन लादेनच्या प्रचाराला हवा तो पुरावा आयता मिळाला. क्रुसेडरांचे राज्य अखेर संपले, तसे इस्रायलही संपेल, वाट पाहायची एवढेच, असे अरब राजकारणात अनेकदा बोलले गेले आहे. मला या तुलनेचा परिणाम सर्वांत घातक वाटतो, कारण जो इतिहासाच्या भरवशावर वाट पाहायला बसतो, त्याला तडजोडीची घाई नसते. नॉर्वेत २०११ मध्ये ७७ जणांना मारणारा माणूस स्वतःला टेम्पलर सरदारांचा, म्हणजे क्रुसेडच्या काळातल्या लढवय्या ख्रिस्ती पंथाचा, वारस म्हणवत होता. क्राइस्टचर्चच्या मशिदींत २०१९ मध्ये ५१ जणांचे प्राण घेणाऱ्याने बंदुकांवर जुन्या लढायांची नावे रंगवली होती. ही नावे त्यांच्यापर्यंत घरच्या परंपरेतून नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावरून आली.

तथापि अखंड स्मृती कुठेच नाही, असेही लिहू नकोस. ती दोन ठिकाणी आहे, आणि ती दोन्ही तुझ्या मसुद्यात एकेका ओळीत उरकलेली आहेत. १०९६ मध्ये जेरुसलेमला निघालेल्या जमावांनी वाटेतच ऱ्हाइनकाठच्या स्पायर, वर्म्स आणि माइंट्स इथल्या ज्यूंवर हल्ले केले, ज्यांत वर्म्स आणि माइंट्सच्या वस्त्या जवळजवळ नष्ट झाल्या. त्या बळींसाठी रचलेली शोकगीते ज्यूंच्या उपवासाच्या दिवशी आजही म्हटली जातात. तू त्याच ऱ्हाइन नदीच्या काठी राहतेस, तेव्हा ही गावे पाहून ये आणि मग तो परिच्छेद पुन्हा लिही.

दुसरी जखम ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांना केलेली आहे. व्हेनिसच्या जहाजांचे भाडे चुकते करता येईना म्हणून चौथ्या क्रुसेडचे सैन्य कर्जाच्या आणि कॉन्स्टँटिनोपलच्या गादीच्या भांडणात अडकत गेले आणि एप्रिल १२०४ मध्ये त्याने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची ही राजधानीच लुटली. तिथल्या शर्यतीच्या मैदानातले कांस्याचे चार घोडे व्हेनिसला गेले, ते परत आले नाहीत. ग्रीक ऑर्थोडॉक्स समाज हे विसरला नाही. २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल अथेन्सला गेले, तेव्हा ऑर्थोडॉक्स भिक्षूंनी निदर्शने केली आणि पोपनी १२०४ च्या लुटीबद्दल क्षमा मागितली. लॅटिन (रोमन कॅथलिक) आणि ऑर्थोडॉक्स चर्चमधला दुरावा जुना होता. तो सामान्य लोकांच्या मनात भिनवला तो या लुटीने.

जागा उरली तर गोव्यावर एक टीप दे. टेम्पलर पंथ मोडीत निघाल्यावर पोर्तुगालने १३१९ मध्ये त्याच्या मालमत्तेवर ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ हा पंथ उभा केला, आणि हिंदी महासागरात आलेल्या पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर त्याच पंथाचा क्रूस होता. पण हा धागा स्वतंत्र निबंधाचा आहे, म्हणून इथे टिपेपुरताच ठेव.

पहिले वाक्य बदलशील तेव्हा शेवटचा परिच्छेदही तपास, कारण तोही ‘हजार वर्षांच्या वैरा’वरच येऊन थांबतो. आणि रिचर्ड व सलाहुद्दीन यांच्या भेटीचा तो सुंदर प्रसंग काढून टाक. त्या दोघांत दूत, भेटवस्तू आणि फळे यांची ये-जा झाली. समोरासमोर ते कधीच भेटले नाहीत.

तुझी,
आई