टी-जाँ अहिराणीत बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशातल्या हौशी नाट्यमंडळांना आपल्या पत्रातून एक विनंती करायची आहे. डेरेक वॉलकॉट यांचं ‘टी-जाँ अँड हिज ब्रदर्स’ वाचा आणि रीतसर परवानगी काढून ते अहिराणीत बसवा. वॉलकॉट सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावरचे, १९९२ च्या साहित्याच्या नोबेलचे मानकरी. नाटक १९५८ साली त्रिनिदादमध्ये उभं राहिलं. कथानक त्या बेटावरच्या लोककथेचं.

एका गरीब आईची तीन मुलं. थोरल्याला बळाची घमेंड, मधल्याला पुस्तकी ज्ञानाची. सैतान पैज लावतो : मला राग आणून दाखवा आणि मागाल ते घ्या; तुम्ही चिडलात तर मी तुम्हाला खाणार. मग तो मळ्याचा गोरा मालक होऊन त्यांना कामाला लावतो. थोरल्याला उसाची पानं मोजायला सांगतो आणि दर वेळी भलत्याच नावाने हाक मारतो. थोरल्याचं डोकं फिरतं, तो संपतो.

माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरायचं, पण पुढे वर्षभर मालकाच्या तोंडून ‘ए’ आणि ‘अरे’ याखेरीज हाक नसायची. वडील घरी आले की भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरून बसायचे. त्यामुळे हा प्रवेश मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मधला भाऊ वाद जिंकायच्या नादात जातो. धाकटा टी-जाँ मात्र रानातून जाताना बेडकाला, रातकिड्याला आदराने रामराम घालतो. भावांनी त्यांनाच हिडीसफिडीस केलेलं असतं. मालकाच्या बोकडाला सारखं बांधत बसण्यापेक्षा तो त्याला खच्ची करून मोकळा होतो. पानं मोजायची पाळी येते तेव्हा मजुरांना सांगून ऊसच पेटवून देतो! सैतान भडकतो.

आमच्या पोरांना नम्रता शिकवतात ती मान खाली घालायची. टी-जाँ बेडकापुढे वाकतो, मालकापुढे वाकत नाही. हे खानदेशातल्या पोरांनी स्टेजवर उभं राहून, आपल्या बोलीत म्हणावं असं मला फार वाटतं. वॉलकॉट यांनी इंग्रजीत बेटावरची क्रिओल बोली मिसळली. आपल्याकडे अहिराणी बोलणारं पात्र आणतात ते हशा पिकवायला. नाटकात गोष्ट बेडूक सांगतो. त्याच्या जागी वहीगायन या आपल्या खानदेशी लोककलेतला गायक किती शोभेल!

एक मात्र करा. पैज जिंकूनही टी-जाँची आई वाचत नाही, तो रडत रडत गातो, आणि सैतानाकडे, त्याच्याच ताब्यातल्या एका न जन्मलेल्या बाळासाठी आयुष्य मागतो. मुलांना जड जाईल म्हणून हा भाग कापू नका.

अहिराणी संहितेला कुणी बसणार असेल तर रोज संध्याकाळी मी मदतीला येईन.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पारोळा (जि. जळगाव)