चौकटीतल्या 'संशोधना'ला चार आकडे जोडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवण्यांत कडेला एक छोटी चौकट असते. अमुक रंग आवडणारे जास्त झोपतात, तमुक पदार्थ खाणारे हुशार निघतात, वगैरे. पुरवणी उघडली की आमचीही नजर आधी तिथेच जाते, त्यामुळे तक्रार गमतीबद्दल नाही. ती गोष्ट खरी आहे, अर्धी खरी आहे की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली आहे, हे ज्या चार आकड्यांवरून ठरते तेच नेमके चौकटीत नसतात. किती जणांना विचारले, ती माणसे कशी निवडली, एकूण प्रश्न किती होते आणि टक्केवारीमागचे मूळ आकडे कोणते.

मूळ आकडे का हवेत, ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. समजा, चेअर कारमधल्या २०० प्रवाशांना विचारले: चहा की कॉफी, आणि खिडकीची जागा की वाटेकडची? चहावाले १२० निघाले, कॉफीवाले ८०. वाटेकडची जागा ७२ चहावाल्यांना हवी, म्हणजे ६० टक्के. कॉफीवाल्यांपैकी ३६ जणांना, म्हणजे ४५ टक्के. पंधरा टक्क्यांचा फरक पडला, मथळा तयार!

आता तपासणी. एकूण २०० पैकी १०८ जण, म्हणजे ५४ टक्के, वाटेकडचे आहेत. पेयाचा आणि जागेचा काहीच संबंध नसता, तर चहावाल्यांत ६४.८ आणि कॉफीवाल्यांत ४३.२ जण वाटेकडचे अपेक्षित होते. खिडकीवाले अनुक्रमे ५५.२ आणि ३६.८. पेय आणि जागा यांचा तक्ता मांडला, तर त्याच्या चारही घरांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांत ७.२ चाच फरक आहे. त्याचा वर्ग ५१.८४. त्याला प्रत्येक घरातल्या अपेक्षित आकड्याने भागायचे आणि चारही उत्तरे मिळवायची. बेरीज येते ४.३५. हाच काय-वर्ग (chi-square). दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात ही बेरीज ३.८४ च्या वर गेली, तर एवढेच म्हणता येते की संबंध मुळीच नसताना इतका फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता. एखाद्या घरातला अपेक्षित आकडा ५ च्या खाली असेल तर मात्र ही कसोटी लावू नये, तिथे लहान आकड्यांसाठीची फिशरची अचूक कसोटी लागते. वीस-पंचवीस जणांच्या पाहण्या बहुधा इथेच गडगडतात.

४.३५ म्हणजे कसोटीत पास. पण संबंध किती घट्ट, हे त्यावरून कळत नाही. ४.३५ ला २०० ने भागून वर्गमूळ काढले की सहसंबंध गुणांक (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पुरता संबंध) मिळतो: सुमारे ०.१५. त्याचा वर्ग जेमतेम ०.०२. म्हणजे जागेच्या आवडीनिवडीतल्या फरकापैकी दोनच टक्के भागाचा मेळ पेयाशी बसतो. चहा पितो म्हणून न विचारता वाटेकडची जागा दिली, तर शंभरातले चाळीस चहावाले नाराज होतील.

शिवाय हे दोन टक्केही चहाचे नसू शकतात. याच २०० जणांची वयावरून फोड केली आणि ती अशी निघाली असे धरा: पन्नाशीपुढचे १२०, त्यांत ९० चहावाले आणि ३० कॉफीवाले; वाटेकडची जागा त्यांतल्या ६३ आणि २१ जणांना हवी. दोन्हीकडे बरोबर ७० टक्के. पन्नाशीच्या आतले ८०, त्यांत ३० चहावाले आणि ५० कॉफीवाले. वाटेकडचे ९ आणि १५. दोन्हीकडे ३० टक्के. बेरजा करून पाहा, ७२ आणि ३६ जुळतात. वयाच्या गटात पेयाने तसूभर फरक पडत नाही. वयस्कर मंडळींना चहा हवा आणि गुडघ्यांमुळे, उठण्या-बसण्याच्या सोयीमुळे वाटेकडची जागाही हवी, एवढीच ती कथा. म्हणून दोन असंबद्ध सवयींची सांगड दिसली की पहिला प्रश्न हा: या दोन्ही वयाने बदलतात का? मग उत्पन्नाने, मग शहर-खेड्याने, मग स्त्री-पुरुष भेदाने. फोड फार बारीक करू नये, नाहीतर घरे रिकामी पडतात आणि पुन्हा ५ च्या खालच्या अडचणीत आपण सापडतो.

आता किती प्रश्न विचारले, याकडे येऊ. आमच्या मते चौघांतला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा, आणि तोच सर्रास गाळला जातो. ४० आवडीनिवडींची प्रश्नावली असेल तर त्यांच्या जोड्या होतात ४० गुणिले ३९ भागिले २, म्हणजे ७८०. कशाचाही कशाशी संबंध नसला तरी पाच टक्क्यांच्या कसोटीतून सरासरी ३९ जोड्या पार होतील. त्यांतली सर्वांत मजेदार उचलून छापली की झाले. फाइव्हथर्टीएट या अमेरिकी संकेतस्थळाने २०१६ साली हे मुद्दाम करून दाखवले. आहाराची प्रश्नावली ५४ जणांकडून भरून घेतली, इतर सवयींचे आणि शरीराचे प्रश्न जोडले आणि २७,७१६ गणिते चालवली. कोबी खाणे आणि बेंबी आत वळलेली असणे यांचाही 'संबंध' त्यांतून निघाला.

उपाय दोन. पहिला कडक: ०.०५ ला, म्हणजे त्याच पाच टक्क्यांना, जोड्यांच्या संख्येने भागायचे. ७८० जोड्यांना मर्यादा ०.००००६४ वर येते, म्हणजे काय-वर्ग ३.८४ ऐवजी १६ च्या आसपास लागतो. आमचे ४.३५ वाले चहापुराण तिथेच संपते. या कडकपणात काही खरे संबंधही मारले जातात, म्हणून दुसरा उपाय जास्त वापरण्याजोगा: माहितीचे आधीच दोन भाग करायचे, पहिल्या भागात हवे तेवढे खणायचे, जे सापडेल तेवढेच दुसऱ्या भागात तपासायचे.

राशिभविष्य न चुकता छापणाऱ्या मराठी वृत्तपत्रांना यावरचा एक प्रयोग आवडावा. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या १,०६,७४,९४५ रहिवाशांच्या रुग्णालयीन नोंदी घेऊन संशोधकांनी मुद्दामच प्रत्येक राशीचे 'आजार' शोधले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. (या जन्मतारखेवरच्या पाश्चात्य सूर्यराशी, आपल्याकडे पत्रिकेत पाहतात ती चंद्रराशी.) निम्म्या लोकांत बारा राशींसाठी दोन-दोन, म्हणजे २४ संबंध निघाले. उरलेल्या निम्म्यांत दोनच टिकले: सिंह राशीला पचनमार्गातला रक्तस्राव आणि धनु राशीला दंडाच्या हाडाचे फ्रॅक्चर. २४ पैकी पाच टक्के म्हणजे १.२, दोन टिकणे हे योगायोगाच्या हिशेबातच बसते. किती वेळा शोधले याची कडक दुरुस्ती लावल्यावर तेही उरले नाहीत. एक कोटी लोकांचा नमुनासुद्धा या चुकीपासून वाचवत नाही.

एक बिघाड असा, की तो गणितात नसून उत्तरे भरणाऱ्यांत असतो. १,००० जणांच्या ऑनलाइन पाहणीत १५ टवाळ निघाले आणि त्यांनी दिसेल त्या खुणेवर टिचकी मारली, असे धरा. उरलेल्या ९८५ जणांत दोन दुर्मीळ सवयी प्रत्येकी दोन टक्क्यांना, म्हणजे साधारण २० जणांना आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. दोन्ही असणारा एखादा सापडला तर सापडेल. टवाळ मिसळल्यावर प्रत्येक सवयीचे ३५ जण झाले आणि दोन्ही असणारे १५. आता पहिली सवय असणाऱ्यांत दुसरी ४३ टक्क्यांना, नसणाऱ्यांत दोन टक्क्यांना. वीसपट! दुर्मीळ आवडींचे धक्कादायक सहसंबंध वाचताना आम्हाला आधी हाच संशय येतो. प्रश्नावलीत एक अशक्य पर्याय पेरून ठेवावा ('गेल्या महिन्यात चंद्रावर जाऊन आलो'), त्यावर खूण करणाऱ्यांची सगळी उत्तरे बाजूला काढावीत. सगळ्याला 'हो' म्हणण्याची सवय पकडण्यासाठी निम्मे प्रश्न उलट्या अर्थाने विचारावेत.

याचा अर्थ सगळेच विचित्र संबंध खोटे, असा नाही. कॅनडियन टायर या दुकानसाखळीने २००२ च्या सुमारास आपल्या क्रेडिट कार्डांच्या नोंदी तपासल्या. खुर्ची-टेबलाच्या पायांखाली चिकटवायच्या फेल्टच्या चकत्या घेणारे ग्राहक हप्ते क्वचितच चुकवत. स्वस्तातले मोटर ऑइल घेणाऱ्यांत चुकवणारे जास्त होते. फेल्टने कर्ज फिटत नाही, पण फरशीला ओरखडा पडू नये म्हणून जपणारा माणूस हप्त्याची तारीखही जपतो, हे पटण्याजोगे आहे. असा संबंध कामाचा असतो, मात्र तो गुपित आहे तोवरच. चकत्यांवर कर्ज मिळते हे कळले की ज्याला कर्ज हवे तोही चकत्या घेईल.

फेसबुकवरच्या 'कर्ली फ्राइज'ची, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या वेटोळ्यांची, गोष्ट बहुतेकांनी अर्धीच ऐकलेली असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ५८ हजारांवर स्वयंसेवकांचे लाइक तपासले होते. हुशारीचा अंदाज देणाऱ्या ठळक लाइकांत हे वेटोळे होते. पण तो फेसबुकवरच्या पानाला दिलेला लाइक होता, खाण्याचा हिशेब नव्हे. सगळे लाइक एकत्र वापरूनही हुशारीच्या अंदाजाचा सहसंबंध ०.३९ होता, वर्ग केला तर ०.१५. त्याच अभ्यासातल्या '८८ टक्के अचूकते'चीही अशीच गल्लत होते. समलिंगी पुरुष आणि भिन्नलिंगी पुरुष अशी एक-एक जोडी समोर ठेवली, तर १०० पैकी ८८ जोड्यांत कोण कोणता ते बरोबर ओळखता येते, असा त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या १०० अनोळखी पुरुषांपैकी ८८ जणांबद्दलचा अंदाज बरोबर येतो, असा नाही.

जास्त चॉकलेट खाणाऱ्या देशांत नोबेल विजेतेही जास्त, या प्रसिद्ध जोडीवर फार जागा घालवत नाही. २०१२ च्या त्या लेखात २३ देश होते, गुणांक ०.७९१, आणि चॉकलेट खाणारे नोबेल विजेते किती याची एकही नोंद नव्हती. देशांच्या सरासऱ्यांवरून माणसाबद्दल काहीच ठरत नाही. अमेरिकेतला चीजचा खप आणि पांघरुणात गुरफटून झालेले मृत्यू यांचा ०.९४७ हा गुणांक मात्र शिकण्यासारखा आहे. ती २००० ते २००९ अशी दहाच वर्षे आहेत आणि दोन्ही आकडे चढते. कुठल्याही दोन चढत्या रेषा अशाच जुळतात. १९२६ मध्येच ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी ते दाखवून दिले होते. अशा वेळी वर्षाचे आकडे न घेता लागोपाठच्या दोन वर्षांमधला फरक घ्यावा आणि त्या फरकांचा सहसंबंध काढावा. बहुतेक जोड्या तिथे कोसळतात.

आता तुमच्याच संकेतस्थळांवरच्या कौलांविषयी. स्वतःहून टिचकी मारणारे वाचक म्हणजे नमुना नव्हे, मग ते ५० हजार का असेनात. यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या ४०० जणांत चूक सुमारे पाच टक्के इकडे-तिकडे, १,००० जणांत सुमारे तीन. स्वयंनिवडीला असे सूत्रच लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या खाण्यापिण्याच्या सवयींच्या जोड्या खरोखर शोधायच्या असतील, तर केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाची २०२२-२३ ची कुटुंब उपभोग खर्च पाहणी आहे. देशभरातली २,६१,७४६ कुटुंबे त्यात आहेत आणि कुटुंबागणिक माहिती, नावे-पत्ते वगळून, अभ्यासकांना मिळते. ती उघडताना एकच काळजी घ्यावी: प्रत्येक कुटुंबापुढे एक गुणक दिलेला असतो, म्हणजे ते कुटुंब लोकसंख्येतल्या किती कुटुंबांच्या वतीने बोलते तो आकडा. नुसती डोकी मोजून टक्केवारी काढली, तर ज्या गटांतली कुटुंबे मुद्दाम जास्त प्रमाणात निवडली आहेत त्यांच्या सवयी सगळ्या राज्याच्या म्हणून छापल्या जातील.

आपले,
संख्याशास्त्र शिकवणारे दोन वाचक, पुणे